राखेत गेलेला कोळसा

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात येणारे पाहुणे चिमण्या आणि कूलिंग टॉवर बघून परततात. मला तिथली खरी बघण्याजोगी जागा वाटते ती प्रयोगशाळा. केमिस्ट फ्लाय ॲशचा वाळवलेला नमुना क्रुसिबलमध्ये घेतो, एक ग्रॅम काटेकोर तोलतो आणि ८०० अंशांपुढे तापलेल्या मफल भट्टीत ठेवतो. करडी राख फिकट होऊन बाहेर येते. थंड झाली की पुन्हा वजन. जेवढं घटलं, साधारण तेवढा कोळशातला कार्बन बॉयलरमधून न जळताच निघाला होता.

हा आकडा वाढला की बोट आधी कोळसा दळणाऱ्या मिलकडे जातं. दळलेल्या कोळशाचा साधारण ७० टक्के भाग २०० मेशच्या चाळणीतून गेला पाहिजे. हाताला तो टाल्कम पावडरीसारखा लागतो. मिलचे रोलर झिजले, बारीक-भरड वेगळं करणारा क्लासिफायर बिघडला, की भरड कण भट्टीत जातात आणि जळून व्हायच्या आत राखेत पडतात. भरड किती, हे चाळणी लगेच दाखवते, आणि चाळणी काही महाग नसते.

कंट्रोल रूममध्ये डेस्क इंजिनिअरची नजर ऑक्सिजनवर असते. धुरात तो तीन-चार टक्के ठीक. हवा कमी पडली तर कोळसा अर्धवट जळतो. जास्त झाली तर ती तापवायला लागलेली उष्णता चिमणीवाटे जाते, वर पंखेही जादा वीज खातात. एअर प्रीहीटरची सील गळत असली तर ताजी हवा धुरात मिसळते आणि पुढे घेतलेलं ऑक्सिजनचं मापही फसवं ठरतं.

एका युनिट विजेत ८६० किलोकॅलरी असतात. ती मिळवायला जुने संच २,४०० च्या आसपास खर्च करतात. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर तासाला सव्वातीनशे-साडेतीनशे टन कोळसा खातो. त्यातला एक टक्का वाचवला तरी दिवसाचे ७८-८४ टन झाले.

कोराडीचे ६६० मेगावॉटचे सुपरक्रिटिकल संच मुळातच कमी कोळशात चालतात. कोणता संच किती चालवायचा, ते राज्य भार प्रेषण केंद्र इंधनखर्चाच्या क्रमाने ठरवतं. दुपारी सौरवीज भरात आली की संचांचा भार उतरवावा लागतो. कमी भारावर हवेचं प्रमाण वाढवावं लागतं आणि युनिटमागे कोळसाही वाढतो. बॉयलरचं ट्यूनिंग केवळ पूर्ण भारावर करून आता भागणार नाही. कोणती मिल आधी बंद करायची, ऑक्सिजन किती ठेवायचा, हे प्रत्येक संचाची उतरत्या भारावर चाचणी घेऊनच ठरवायला हवं.