मागेल त्याला, मागेल तेव्हा

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील भोजनगृहात लांबच लांब मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची ख्यातीही ठाऊक असेल, की डब्यातील काचपात्र पाहुण्याने उचलताच ती आपोआप थांबे आणि पात्र जागेवर ठेवले की पुन्हा चालू लागे. शिंदे सरकारांच्या मुदपाकखान्याची ही सोय मोठी मनोहर खरी; परंतु एकाचा पेला भरेपर्यंत बाकीच्यांना खोळंबून राहावे लागे, आणि मागणीबरहुकूम व्हिडिओ पुरविणाऱ्या यंत्रणेपुढे आरंभी नेमकी हीच अडचण उभी होती.

दूरदर्शनचे प्रक्षेपण म्हणजे पंगत. पाहणारे दहा असोत वा दहा लाख, प्रक्षेपकावरचा भार तेवढाच. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्याच कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर सचिन तेंडुलकरांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा करून पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक झळकावले, तेव्हा सारा देश अशाच एका पंगतीला बसला होता. आज तीच खेळी शहरातल्या मोरारमध्ये कोणी पहाटे पाहतो, पुण्यात कोणी दुपारी, आणि कोणी तर केवळ ती शेवटची एकेरी धाव पाहून उठतो. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने तासाभराचे चित्रण सव्वादोन गिगाबाइट भरते, आणि दहा हजार प्रेक्षक एकाच वेळी, परंतु निरनिराळ्या क्षणांवर, येऊन बसले तर सर्व्हरला सेकंदाला ५० गिगाबिट वाढावे लागतात. फिरत्या तबकडीवरून वाचणाऱ्या शीर्षाला जागा बदलण्यास काही मिलिसेकंद लागतात; दहा हजार ठिकाणी त्याने एकट्याने धावावे तरी किती! अमेरिकेत टाइम वॉर्नर कंपनीने १९९४ साली ऑर्लँडो शहरात सुमारे ४,००० घरांसाठी असा प्रयोग मांडला होता. खर्च पेलवेना, आणि १९९७ मध्ये तो गुंडाळावा लागला.

पुढे जी रचना रूढ झाली तिच्यात चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा चार-पाच प्रतींचा, कमी-अधिक स्पष्टतेचा, करून ठेवतात, आणि त्या सर्वांची एक यादी प्रेक्षकाच्या यंत्राच्या हाती देतात. पुढचा तुकडा मागण्याचे काम त्या यंत्राचे. कोण कुठवर आला याची सर्व्हर नोंदच ठेवीत नाही. ॲपलने २००९ साली हीच पद्धत साध्या वेबवाहतुकीवरून चालवून दाखविली. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत बुद्धिमान गोष्ट म्हणजे वाढप्याचे हे विस्मरण होय. कोणाचे जेवण कुठे आले हे लक्षात ठेवायचे नसल्यामुळे कोणताही वाढपी कोणालाही वाढू शकतो. एक कोसळला तर दुसरा त्याच पानाशी उभा राहतो, आणि गर्दी वाढली की आणखी शंभर उभे करता येतात. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या गर्दीत मोबाइलवरील चित्र क्षणभर धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते, तेव्हा मोबाइलनेच, मार्ग अरुंद झाल्याचे ओळखून, काही वेळ हलकी प्रत मागवलेली असते.

राहिला अंतराचा प्रश्न. जुन्या संस्थानांत हुजुरातील कोठारावर सारा भार न टाकता परगण्यापरगण्यांतून धान्याच्या कोठ्या असत, तद्वत लोकप्रिय चित्रणांच्या प्रती गावोगावच्या केंद्रांत आधीच नेऊन ठेवतात. नेटफ्लिक्सने तर इंटरनेट पुरविणाऱ्यांच्याच केंद्रांत आपल्या साठवणपेट्या बसविण्याचा उपक्रम २०१२ मध्ये जाहीर केला. मूठभर गोष्टींना अफाट मागणी आणि उरलेल्यांना क्वचित, हा लोकरुचीचा नियम या कोठ्यांच्या पथ्यावर पडतो, कारण थोड्याशा साठ्यावर बहुतेकांची भूक भागते.

पण मला त्या क्वचित मागणीचीच अधिक काळजी वाटते. ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव शंकर पंडितांचे एखादे जुने मुद्रण वर्षातून कितीजण मागणार? तरीही ते टाकून देणे हा या यंत्रणेचा अधिकार नव्हे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात रात्री उशिरा कोणी एकटा श्रोता ते मागतो, जवळच्या कोठीत ते सापडत नाही, मागणी दूरच्या मुख्य कोठारापर्यंत जाते, तेथील एक तबकडी त्याच्या एकट्यासाठी वाचली जाते, आणि पडद्यावर दोन-तीन सेकंद वर्तुळ फिरत राहिल्यावर तंबोरे ऐकू येतात.