फ्रेम नेमकी अडते कुठे?
जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरला महागडं ग्राफिक्स कार्ड जोडलं, तरी ‘काउंटर-स्ट्राइक २’ या गेममध्ये फ्रेम रेट फारसा हलत नाही. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात, तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसरने हालचालींचा, टकरींचा हिशोब करून कार्डाला काम द्यायचं असतं. त्याला उशीर झाला की कार्ड रिकामं बसतं.

‘सायबरपंक २०७७’ रे ट्रेसिंगसह ४के रिझोल्यूशनवर चालवला की उलट होतं. तिथे कार्डाचाच घाम निघतो.

खर्चाआधी रिझोल्यूशन उतरवून बघावं! फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जागच्या जागी राहिल्या तर बहुधा प्रोसेसर.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत आणखी एक गोष्ट जपावी लागते. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, आणि फार तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. उन्हाळ्याआधी पंख्यातली धूळ काढलेली बरी.