खानेसुमारींतील गांव आणि सातपुड्यांतील वाट

एखाद्या खेड्याची माहिती खानेसुमारीच्या ग्रंथांत पाहूं गेल्यास ती दोन-चार ओळींत आटोपलेली असते. घरें किती, माणसें किती, शाळा आहे कीं नाहीं, पक्का रस्ता व मोटार गांवापर्यंत पोंचते कीं नाहीं, एवढें कळलें म्हणजे शहरवासी वाचकास गांव कळल्यासारखें वाटतें. परंतु नंदुरबार जिल्ह्यांतील डोंगरी गांवांविषयीं हे आकडे काय सांगतात व काय सांगत नाहींत, हें आधीं समजून घेणें अवश्य आहे.

जुन्या पश्चिम खानदेशाचा हा भाग १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याचे तालुके सहा. २०११ च्या गणतींत येथील वस्ती १६,४८,२९५ भरली. त्यांपैकीं शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे व शेंकडा ८३ खेड्यांत राहणारे. दहा वर्षांत सबंध राज्याची वस्ती शेंकडा १६ नीं वाढली, तर या जिल्ह्याची शेंकडा २५ हून अधिक. म्हणजे माणसें वाढत आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्यापर्यंत पोंचण्याचा.

तापीच्या दक्षिणेस सुरत-भुसावळ लोहमार्ग नवापूर व नंदुरबार येथून जातो. नवापूरचें स्थानक तर अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजराथेंत आहे. तापी ओलांडून उत्तरेस गेलें कीं आगगाडी संपते. शहादें-तळोद्याच्या काळ्या जमिनीवर मोटारीची सोय आहे. मात्र अक्कलकुवें व अक्राणी तालुक्यांत सातपुड्याच्या रांगा सुरू झाल्या, म्हणजे वाटेचा हिशेब मैलांनीं न होतां चढउतारांनीं होऊं लागतो.

त्यांतच गांव या शब्दाचा अर्थ येथें निराळा. देशावरच्याप्रमाणें घराला घर लागून वस्ती नसते. भिल्ल व पावरा कुटुंबें बहुधा आपापल्या शेतांत घर बांधतात. अशा घरांचे पाडे होतात व अनेक पाडे मिळून एक महसुली गांव ठरतें. दोन पाड्यांच्या मध्यें एखादा नाला किंवा आख्खी टेकडीहि असते. दप्तरांत गांवास रस्ता आहे अशी नोंद झाली, तरी तो एकाच पाड्यापर्यंत गेलेला असूं शकतो. नोंद खोटी नसते. पण ती पुरी नसते.

लोकसंख्येचेंहि तसेंच. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं दक्षिण गुजराथेंत जातात व उन्हाळ्याच्या सुमारास परततात. २०११ ची गणती झाली ती ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत. जें कुटुंब गणतीच्या सर्व काळांत घराबाहेर असतें तें जेथें सांपडेल तेथें मोजावें, असा नियम आहे. तेव्हां आषाढांत ज्या पाड्यांत चुली पेटतात, त्यांतल्या कांहीं माघ-फाल्गुनांतील आंकड्यांत न येणें संभवतें. शाळा, धान्य व दवाखाना यांची तजवीज मात्र त्याच आंकड्यावरून होते.

नर्मदाकांठची स्थिति याहून बिकट. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखालीं या दोन तालुक्यांतील ३३ गांवांची जमीन पूर्णतः किंवा अंशतः गेली. त्यांत मणिबेली हें अगदीं आरंभीचें. अनेक कुटुंबें तळोदें तालुक्यांतील नव्या वसाहतींत गेलीं. जीं मागें राहिलीं त्यांच्या जुन्या पायवाटा बुडाल्या व होडी हेंच वाहन झालें. म्हणून सरकारनें नदींत तरंगता दवाखाना चालविण्याची योजना केली. आंतल्या पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीस बांबूला बांधलेल्या झोळींतून रस्त्यापर्यंत आणावें लागल्याचीं वृत्तें पावसाळ्यांत वारंवार येतात. त्या घटकेस नदीनाल्यांना पूर असेल, तर दप्तरांतील पक्का रस्ता दोन जिवांच्या कामीं येत नाहीं.

यास्तव गांवाच्या नोंदींत आणखी एक रकाना असावा: सर्वांत दूरच्या पाड्यावरून भर पावसांत रुग्णालय गांठण्यास किती तास लागतात? तें उत्तर लिहिलें गेलें, म्हणजे पुढचा रस्ता, पूल किंवा होडी कोठें हवी, याविषयीं वाद घालण्याचें कारण उरणार नाहीं.