सॅक उसवली? आधी आरी हाती घ्या

पाऊस सुरू झाला की पुणेकरांची पावले सिंहगडाकडे वळतात. आतकरवाडीच्या वाटेवर रविवारी पहाटेपासून रीघ लागते. आपली मुले तर पुढे राजगड, तोरण्यापर्यंत जातात. माळ्यावरची सॅक खाली काढली की मात्र दिसते, खांद्याचा पट्टा मुळाशी उसवला आहे. "नवीच घेऊ," असे आपण पटकन म्हणून टाकतो. पण नीट पाहिले तर बहुतेक वेळा कापड शाबूत असते, फक्त दोरा गेलेला असतो.

घरातल्या शिलाई मशीनची सुई पट्ट्याच्या जाड थरांत अडते, मोडते. इथे हवी मोच्याची आरी. आरीच्या टोकाशी छोटी खाच असते. आरी वरून आरपार घालायची, खालचा दोरा खाचेत अडकवून त्याचा फास वर ओढायचा, त्या फासातून दोऱ्याचे दुसरे टोक काढायचे आणि दोन्हीकडून सारखे ताणायचे. प्रत्येक टाका असा अडकून बसतो. त्यामुळे एखादा तुटला तरी सगळी शिवण एकदम उसवत नाही.

आम्ही घरी करतो ती पद्धत सोपी आहे. आधी जुना कुजलेला दोरा काढून टाकावा. कापड विरले असेल तर आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावावा. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला घ्यावा. सुती दोरा पावसात कुजतो. दोन टाक्यांत 4-5 मिलिमीटर अंतर ठेवावे. फार जवळ टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोके पडून कापड तिथेच फाटते. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोऱ्याचे टोक मेणबत्तीवर जरासे वितळवावे. आरी आपल्या हाताच्या दिशेने कधीही ढकलू नये, आणि मुलांच्या हाती देताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे.

दोन गोष्टींना आरी लावू नये. रेनकोटला पडलेले प्रत्येक भोक पाणी आत घेते. तिथे चिकटपट्टीच बरी. आणि कडा चढण्याचे हार्नेस किंवा त्याचा पट्टा उसवला असेल तर तो घरी शिवूच नये, बदलावा. तिथे टाक्यावर माणसाचा जीव लटकत असतो.

हे काम हलके मानण्याची सवय आपल्याकडेही आहे. प्रेषित (स.) घरात काय करीत असत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की ते आपले कपडे शिवत आणि आपल्या चपला स्वतः दुरुस्त करीत. 'मुस्नद अहमद'मध्ये ही हदीस आहे. चप्पल अशी थरावर थर ठेवून शिवण्याला अरबीत 'खस्फ' म्हणतात आणि त्या कामाच्या आरीला 'मिख्सफ'.

तेव्हा नाक्यावरच्या मोच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी, एक पट्टा स्वतः शिवून पाहावा. बोटे दुखतात, टाके वाकडे येतात आणि त्याच्या सरळ शिवणीची किंमत आपोआप कळते. मुलांनाही हे शिकवावे. जो मुलगा आपली सॅक शिवतो, तो ती जपूनही वापरतो.