नायटा लपवू नका, ट्यूबनं दाबू नका

आज अशा दुखण्याबद्दल बोलू या, जे आपण बैठकीत कधीच काढत नाही. परकराच्या नाडीखाली, जांघेत, स्तनांखाली खाज सुटते. लाजेपायी आपण गप्प राहतो आणि मेडिकलमधून कुणाकरवी तरी ट्यूब मागवतो.

हा बहुतेक वेळा नायटा असतो. काहीजणी त्याला गजकर्ण म्हणतात. तो रक्त बिघडल्यानं होत नाही, बुरशीनं होतो. घाम आणि ओलसर कपडे मिळाले की ही बुरशी वाढते. चट्टा गोल असतो. त्याची कडा लालसर, उंच आणि खवलेदार, तर मधली कातडी त्यामानानं साफ दिसते. तो कडेकडेनं पसरत जातो.

आता त्या ट्यूबचं. खाज लगेच थांबवणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली आणि खाज दबते, पण बुरशी मरत नाही. मलम थांबवलं की नायटा दुप्पट जोरानं उठतो. पुन्हा तीच ट्यूब, पुन्हा पैसे. वर कातडी पातळ होते. म्हणून शेजारणीची ट्यूब लावू नका. चुना, ॲसिड असलं काही तर मुळीच नको.

प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आधी वापरलेली ट्यूब सोबत न्या. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा साखरेचा आजार असेल, तर तेही सांगा. डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध पूर्ण करा. खाज गेली म्हणजे नायटा गेला असं नाही. मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही बोटभर लावा.

घरात आणखी कुणाला चट्टे असतील, तर त्यांनाही सोबत न्या. एकाच घरात तो फिरत राहतो. टॉवेल, कपडे, अंथरूण वेगळं ठेवा. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. अंघोळीनंतर अंग कोरडं करूनच कपडे घाला.

फिकट किंवा लालसर चट्ट्याला खाज नसेल आणि तिथं स्पर्शही कळत नसेल, तर आशाताईंना लगेच दाखवा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. पुरळासोबत ताप, पू किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येत्या बैठकीत हिशेब झाला की हा विषय काढा. एकीनं तोंड उघडलं, की बाकीच्या बोलतील.