अर्ध्या फेऱ्याचा हिशेब

इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर ओरडत असतं. चालक दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जायला क्लच दाबतो आणि पेडल वर यायचं नावच घेत नाही. तळाला चिकटून बसतं. बुटाचं टोक खाली घालून ते उचलावं लागतं, तोवर बाजूची गाडी निघून गेलेली असते. पुढच्या सिग्नलला तेच पेडल इतकं शहाण्यासारखं वागतं की मेकॅनिकला दाखवायला काही उरत नाही.

शेवरले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीच्या, म्हणजे १९९७ ते २००४ मधल्या ‘सी-५’ गाड्यांच्या मालकांना हे दुखणं चांगलं परिचयाचं आहे. अमेरिकेत जुनी सी-५ बघायला गेलेला जाणकार बॉनेट उघडल्यावर व्ही-८ इंजिनाचं कौतुक नंतर करतो. आधी क्लचच्या ऑइलच्या चिमुकल्या डबीचं झाकण काढून बोट बुडवतो. बोट काळं झालं की घासाघीस सुरू.

केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात बनलेली ही गाडी कागदावर देखणीच आहे. ५.७ लिटरचं इंजिन, सुरुवातीला ३४५ अश्वशक्ती, २००२ च्या झेड-०६ या जास्त ताकदीच्या आवृत्तीत ४०५. पुढच्या-मागच्या चाकांवर वजन सारखं पडावं म्हणून गिअरबॉक्स इंजिनापासून तोडून पार मागच्या चाकांजवळ नेला आणि दोघांना टॉर्क ट्यूब नावाच्या जाड नळकांड्याने जोडलं. क्लच मात्र पुढे, इंजिनाला लागूनच राहिला. कोपऱ्यावर गाडी वळवताना ही मांडणी सुख देते. क्लच उघडायची वेळ आली की तीच मांडणी घाम काढते.

मारुती ८०० किंवा बजाज चेतक चालवलेल्यांना क्लच म्हणजे वायर एवढंच ठाऊक असतं: ओढली की सुटला. सी-५ मध्ये वायर नाही, ऑइल आहे. पेडलला जोडलेली दांडी फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या, मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते, ऑइल नळीतून पुढे जातं आणि स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. आधीच्या पिढीत हा स्लेव्ह बाहेर होता, हात घालून बदलता यायचा. सी-५ मध्ये तो बांगडीसारखा गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या शाफ्टभोवती, क्लचभोवतीच्या कवचाच्या, म्हणजे बेलहाउसिंगच्या, पोटात बसवला. तिथे क्लच प्लेटची भुकटी उडत असते. ती सीलमधून ऑइलमध्ये शिरते आणि ऑइल काळं पडतं, असं मालकांचं म्हणणं. काही जण दर थोड्या दिवसांनी डबीतलं काळं ऑइल ओढून काढतात, नवं भरतात, पेडल वीस-तीसदा दाबतात, पुन्हा काढतात. डबीत स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत हा उद्योग चालतो, आणि बऱ्याच गाड्यांचं चिकटणारं पेडल त्याने सुधारतंही.

ऑइलच्या दाबाने काम करण्याच्या या हायड्रॉलिक तंत्राचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं. ते मोटारीत आणलं माल्कम लॉगहेडने. १९१७ मध्ये त्याने हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या मॉडेल ए गाडीला चारही चाकांना तसे ब्रेक लागले. त्याच्या आडनावाचं स्पेलिंग पुढे उच्चाराप्रमाणे बदललं, आणि भावाने काढलेल्या विमान कंपनीमुळे ते जगाला माहीत झालं: लॉकहीड. क्लचला हायड्रॉलिक मिळालं ते ब्रेकच्या मागून आणि ब्रेकचंच ऑइल वापरून.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो भाग. कॅलिफोर्नियातल्या टिल्टन आणि विलवूड या कंपन्या शर्यतीच्या गाड्यांसाठी अॅल्युमिनियमचे मास्टर सिलिंडर बनवतात, आणि टिक परफॉर्मन्ससारखे विक्रेते कॉर्व्हेटसाठी जोडपट्टी, नळी आणि दांडीसह तयार किट देतात. कंपनीच्या मूळ सिलिंडरची दांडी ठरावीक लांबीची असते, कमी-जास्त करायची सोयच नाही. बाहेरच्या किटमध्ये दांडीला आटे पाडलेले असतात, टोकाला गोळीचा सांधा आणि त्यामागे चेकनट. डेट्रॉईटच्या इंजिनिअरने एकदा ठरवून टाकलेली गोष्ट आता मालकाच्या हातातल्या पान्यावर येते.

मालकाला मोह पडतो तो आधी बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा. पाऊण इंच व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण २८५ चौरस मिलिमीटर, सात-अष्टमांश इंचाचं ३८८. म्हणजे दट्ट्या ३० मिलिमीटर सरकला तर पहिला साडेआठ घनसेंटिमीटर ऑइल ढकलतो, दुसरा साडेअकराच्या वर. सुमारे ३६ टक्के जास्त. पण पास्कल फुकट काही देत नाही. पायाला जोरही तेवढाच जास्त लावावा लागतो. शिवाय स्लेव्हला ठरावीक अंतरच सरकायचं असतं. त्यापलीकडे ढकललं तर क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची बोटं गरजेपेक्षा वाकतात, नाहीतर स्लेव्हचं सील जागा सोडतं. म्हणून शर्यतवाले पेडलखाली स्टॉपर लावतातच. रस्त्यावरची गाडी चालवणारे मोठा बोअर घेतात, स्टॉपर विसरतात, आणि घट्ट पेडल म्हणजे चांगलं पेडल असं समजून खूष राहतात.

खरी गंमत बोअरमध्ये नाहीच. ती आहे एका भोकात.

मास्टर सिलिंडर लांबीत कापून पाहिला तर दट्ट्याच्या टोकाला रबरी सील दिसतं. पेडल मोकळं असताना ते जिथे विसावतं, त्याच्या जेमतेम पुढे, सिलिंडरच्या भिंतीत टाचणी जाईल न जाईल असं भोक असतं. ते वरच्या डबीकडे उघडतं. पाय टेकला की सील भोकावरून सरकतं, डबीची वाट बंद होते, आणि त्यानंतरच नळीत दाब तयार होतो. पाय काढला की सील मागे येतं आणि वाट पुन्हा मोकळी. बस, एवढंच. पण सगळी यंत्रणा याच भोकाच्या जिवावर चालते. इंजिनाच्या धगीने नळीतलं ऑइल फुगतं, ते जादा ऑइल इथून डबीत परततं. क्लच प्लेट झिजत जाते तशी डायफ्रामची बोटं मागे सरकतात आणि स्लेव्हला मागे रेटतात. तेही ऑइल इथूनच वर जातं. वायरचा क्लच दर काही महिन्यांनी आवळावा-सैल करावा लागतो, हायड्रॉलिकला ते लागत नाही, त्याचं सगळं श्रेय या छिद्राला. इतक्या स्वस्तात इतकं काम करणारा भाग अख्ख्या कॉर्व्हेटमध्ये दुसरा सापडणं कठीण.

मालकाच्या हातातली दांडी नेमकी याच भोकाशी खेळते.

काम सुरू होतं ते पाठ मोडणाऱ्या आसनाने. चालकाची सीट मागे सरकवून माणूस उताणा आत शिरतो. डोकं पेडलांखाली, पाय दाराबाहेर. गुडघ्यासमोरचं पॅनेल काढायचं, दांडी पेडलच्या खुंटीवरून उपसायची, फायरवॉलचे नट सोडायचे. बॉनेटच्या बाजूने नळी सुटते तेव्हा ऑइल गळणारच, आणि ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून आधी चिंध्या अंथरायच्या आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवायची. नव्या सिलिंडरला स्टीलच्या जाळीची, आतून टेफ्लॉनची नळी येते. तिचे सांधे विमान उद्योगातून आलेले, ३७ अंशाच्या उताराचे. तिथे धातूला धातू बसून सील होतं. नळकामाच्या सवयीने कुणी आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली तर सांधा सुधारत नाहीच, उलट टेपचा तुकडा आत जाऊन ते बारीक भोकच बुजवायचा.

मग हवा काढायची. इथून संयमाची परीक्षा सुरू होते. एक जण पेडलवर, एक जण गाडीखाली. ‘दाब… धर… सोड’ ही आज्ञावली जगातल्या कुठल्याही गॅरेजात तीच. पण सी-५ च्या स्लेव्हचा हवेचा स्क्रू बेलहाउसिंगजवळ अशा बोळात आहे की पाना फिरायला जागा नाही. शहाणे लोक क्लच उघडला असतानाच स्लेव्हपासून एक लांब नळी बाहेर काढून ठेवतात. ज्यांनी ते केलेलं नसतं ते डबीवर हातपंप लावून व्हॅक्युमने हवा ओढतात, तासभर थांबतात, पुन्हा ओढतात. एक बुडबुडा राहिला तरी पुरतो: ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि पेडलचा प्रवास तिथेच खर्च होतो. मग माणूस वैतागून दांडी लांब करतो. हवेचा दोष दांडीने झाकायचा हा मार्ग पुढे फार महागात पडतो.

दांडीचा हिशेब असा. अशा दांड्यांना बहुधा इंचाला २४ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा सुमारे एक मिलिमीटर. पेडलची तरफ पाच-सहा पट असल्याने पायाशी तो फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे जाणवतो. दांडी आखूड राहिली तर पेडल तळाला टेकलं तरी क्लच पुरता सुटत नाही. पहिला गिअर कुरकुरत पडतो, आणि सपाट जागी क्लच दाबून रेस दिली की गाडी पुढे सरकते. हा दोष लगेच कळतो, म्हणून तो बरा. दांडी लांब झाली तर सगळं छान वाटतं. गिअर लोण्यासारखे पडतात, पेडल उंच आणि ताठ. फक्त सील आता भोकावरच बसलेलं असतं.

थंड गॅरेजात हे कळतच नाही. दांडीला मिलिमीटरभर मोकळी हालचाल उरली आहे ना, हे बोटांनी हलवून पाहणं एवढीच परीक्षा हाती असते. गाडी अर्धा-पाऊण तास पळते, एक्झॉस्टच्या पाइपांची धग नळीला लागते, ऑइल फुगतं. जायला वाट नाही, म्हणून ते स्लेव्हला ढकलतं आणि कुणी पेडलला पाय न लावता क्लच थोडा दाबलेला राहतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, वेग वाढत नाही, आणि जळक्या प्लेटचा वास येतो. मालक म्हणतो, नवी क्लच प्लेटच निकृष्ट. ती बदलायची तर मागचा सांगाडा, गिअरबॉक्स, टॉर्क ट्यूब सगळं उतरवावं लागतं. ज्याचं मूळ एका मिलिमीटरमध्ये आहे, त्यासाठी निम्मी गाडी जमिनीवर येते.

ऑइलचंही दुखणं वेगळंच. ते हवेतला ओलावा पितं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच. त्यामुळे जुनं, काळं ऑइल तसंच ठेवून महागडा सिलिंडर बसवणाऱ्याचं पेडल पहिल्याच कडक फेरीत पुन्हा तळाला चिकटतं. त्यात पेडलची उंची बदलली की स्टार्टरला परवानगी देणारं छोटं स्विच पूर्ण दाबलं जात नाही आणि धडधाकट गाडी चावीला दाद देत नाही. स्विचपायी एखाद्याने बॅटरी बदलून टाकल्याचे किस्से गॅरेजवाले मजेत सांगतात.

जाणते म्हणून गाडी तापवूनच दांडी बसवतात. आधी आखूड ठेवून सुरुवात, गिअर नीट पडेपर्यंत अर्धा-अर्धा फेरा लांब, प्रत्येक वेळी चेकनट घट्ट. मग तासभर रस्त्यावर, परत येऊन बॉनेट उघडायचं, डबीचं झाकण काढायचं आणि दुसऱ्याला पेडल हळूच टेकवायला सांगायचं. भोक उघडं असेल तर पहिल्या स्पर्शाला डबीतल्या ऑइलवर बारीकशी उसळी येते. ती दिसली नाही, तर चेकनट सैल करून दांडी अर्धा फेरा मागे, आणि गाडी पुन्हा तासभर रस्त्यावर.