गॅस संपत नाही, गळतो

जुन्या गाडीचा एसी थंड हवा देईनासा झाला की मालक एसीवाल्याकडे जातो आणि ठरलेलं वाक्य बोलतो : ‘गॅस संपलाय, भरून द्या.’ या वाक्यातली चूक ज्याला उमगली त्याचं निम्मं काम झालं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. वायूचा द्रव होतो, द्रवाचा पुन्हा वायू होतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेलेला आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत भरलेला प्रत्येक डबा हवेत सोडल्यासारखाच आहे.

कंपनीतूनच एसी बसवून आलेली जुनी गाडी पुन्हा थंड कशी करायची, हे शिकायला जनरल मोटर्सच्या ए-६ कंप्रेसरइतकं चांगलं यंत्र दुसरं नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कॅडिलॅक, ब्यूक, शेव्हरोलेंमध्ये तो होताच. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर शॅडोने आणि जॅग्वारच्या एक्सजे गाड्यांनीही तो घेतला. इंग्लंडमधल्या या दोन मानी कारखान्यांनी थंडाव्यासाठी अमेरिकेकडे पाहिलं, यातच त्याची योग्यता कळते.

तिथवर पोचायला बरीच वर्षं लागली. पॅकार्डने १९४०च्या मॉडेलमध्ये कारखान्यातून बसवलेली वातानुकूलन यंत्रणा दिली. कूलिंग कॉइल डिकीत होती आणि कंप्रेसरला क्लच नव्हता. थंडी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. ती फार चालली नाही. युद्धानंतर, १९५३मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या दोघांनी पुन्हा एसी आणला. जनरल मोटर्सच्या त्या गाड्यांत मागच्या काचेपाशी पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या छतापर्यंत गेलेल्या दिसत आणि थंड हवा डोक्यावरून येई. १९५४ साली नॅशने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणून हीटर आणि एसी एकत्र बांधले. आजच्या गाडीची रचना मुळात तीच आहे.

याच १९५४ साली जनरल मोटर्सने मुंबईतला शिवडीचा कारखाना बंद केला. १९२८पासून तिथे मोटारी जोडल्या जात होत्या. एसी गाडीत स्थिरावत होता नेमका तेव्हाच मुंबईत गाड्या जोडणारी ही कंपनी निघून गेली. त्यामुळे शिवडीत जोडलेल्या शेव्हरोले आपण मेळाव्यांत पाहतो, पण त्यांत कंपनीचा एसी सापडत नाही.

ए-६ आला १९६२च्या मॉडेलबरोबर. आडव्या डब्यासारखा, सुमारे सोळा किलो वजनाचा. आत शाफ्टवर एक तिरपी तबकडी बसवलेली आहे. ती फिरली की दोन्ही टोकांना डोकं असलेले तीन पिस्टन पुढे-मागे होतात. म्हणजे पिस्टन तीन, पण सिलिंडर सहा. एका फेऱ्यात तो सुमारे २०६ घन सेंटिमीटर वायू ओढतो. पोटात स्वतःचं तेल आणि ते फिरवायला छोटा गिअर पंपही आहे. तिरप्या तबकडीमुळे पिस्टनांचे धक्के एकमेकांना तोलतात, म्हणून चालताना तो जवळपास ऐकू येत नाही. ज्याने आधीच्या पिढीच्या दोन सिलिंडरी कंप्रेसरची थरथर स्टिअरिंगवर अनुभवली आहे, त्याला या शांतपणाचं मोल सांगावं लागत नाही.

त्याचं एकच खरं दुखणं आहे : पुढच्या बाजूचं शाफ्ट सील. कार्बनची कडी आणि सिरॅमिकची चकती एकमेकींवर फिरतात आणि त्यांच्यामधला तेलाचा पातळ थर गॅस अडवून धरतो. गाडी महिनोन्महिने झाकून ठेवली की तो थर सुकतो आणि तिथून गॅस झिरपायला लागतो. क्लचच्या आसपास आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाची रेघ उमटलेली दिसली तर समजावं की गॅस इथूनच गेला. आता याच जागी बसणारं दुहेरी ओठांचं सील मिळतं. ते बसवलेला ए-६ मूळ यंत्रापेक्षाही कमी गळतो, आणि बाहेरून कुणाला फरक कळत नाही. मला हीच सुधारणा सगळ्यांत समाधानाची वाटते.

आता गॅसचा प्रश्न. ए-६ घडला आर-१२साठी, म्हणजे फ्रिऑनसाठी. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४मध्ये दाखवून दिलं की अशा वायूंतला क्लोरिन ओझोनचा थर खातो. १९८७मध्ये माँट्रिअल करार झाला आणि १९९५च्या अखेरीस अमेरिकेत आर-१२चं उत्पादन थांबलं. त्यामुळे आज जुन्या गाडीचा एसी बहुधा आर-१३४ए या नव्या गॅसवर चालवायचा असतो. हा बदल म्हणजे डबा बदलणं एवढंच समजणाऱ्यांनी अनेक चांगले कंप्रेसर मारले आहेत.

कारण तेल. आर-१२बरोबर फिरणारं खनिज तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कॉइलमध्ये साचून बसतं आणि कंप्रेसर कोरडा पडतो. म्हणून जुनं तेल काढून, नळ्या धुऊन, नव्या गॅसला चालणारं एस्टर किंवा पॅग तेल मोजून घालावं लागतं. ए-६मध्ये ते सुमारे ३०० मिलिलिटर बसतं. जुन्या रबरी नळ्यांतून नवा गॅस जास्त झिरपतो, त्यामुळे आतून नायलॉनचा थर असलेल्या नळ्या घ्याव्यात. मूळ धातूची टोकं ठेवून त्यांवर नवी नळी दाबून देणारे कारागीर असतात. काम त्यांच्याकडूनच करून घ्यावं, म्हणजे बॉनेटखाली सगळं पूर्वीसारखं दिसतं. प्रत्येक जोडावरची ओ-रिंग नवी हवी. ड्रायरही नवाच हवा. जुन्यातल्या शोषक दाण्यांनी आयुष्यभराचं पाणी आधीच पिऊन ठेवलेलं असतं.

खरा कस लागतो तो कंडेन्सरला. साठ अंशांना आर-१३४ए चा दाब आर-१२पेक्षा साधारण दहा टक्के जास्त असतो. महामार्गावर हवा भरपूर मिळते तेव्हा जुना कंडेन्सर तग धरतो. सिग्नलला उभ्या गाडीत मात्र दाब चढत जातो आणि आतली हवा कोमट होते. बारीक समांतर मार्गांचा नवा कंडेन्सर त्याच जागेत बसतो आणि बरीच जास्त उष्णता बाहेर टाकतो. तो पुढच्या जाळीमागे असल्याने मूळ रूपाला धक्का लागत नाही. रेडिएटरभोवतीचं पंख्याचं कवच आणि कडेच्या रबरी पट्ट्या जागेवर आहेत ना, हे पैसे खर्च करण्याआधी पाहावं. त्या नसतील तर पंखा इंजिनाचीच गरम हवा पुन्हा ओढतो.

एक भाग मात्र बहुतेक जण विसरतात. साठच्या दशकाच्या मध्यापासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत पीओए नावाचा व्हॉल्व्ह होता. कंप्रेसर सतत चालू राही आणि हा व्हॉल्व्ह कूलिंग कॉइलमधला दाब तीस पौंडांच्या आसपास धरून ठेवी. आर-१२ त्या दाबाला बरोबर शून्य अंशावर उकळतो, म्हणजे कॉइल थंडगार राहते पण तिच्यावर बर्फ धरत नाही. आर-१३४ए शून्य अंशाला येतो तो अठ्ठावीसच्या जरा खाली. व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर कॉइल दीड-दोन अंश गरम राहते. दमट मुंबईत हवेतलं पाणी काढण्यातच कॉइलची पुष्कळ ताकद जाते, तिथे हा फरक अंगाला जाणवतो. आतला स्क्रू किंचित फिरवून तो सव्वीस-सत्तावीसवर आणता येतो. एवढ्या छोट्या कामासाठी अख्खी यंत्रणा नालायक ठरवून काढून टाकलेल्या गाड्या पाहिल्या की वाईट वाटतं.

बाकीचं काम डॅशबोर्डमागे. हीटरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर थंड हवेत गरम हवा मिसळते आणि दोष गॅसच्या माथी बसतो. हवेची दारं इंजिनच्या व्हॅक्यूमवर हलतात; एखादी छोटी नळी चिरली तरी वारा पायाशीच येत राहतो. दारांवरच्या फोमचा भुगा झालेला असतो, कॉइलवर पन्नास वर्षांचा पालापाचोळा असतो, निचऱ्याची नळी तुंबलेली असते आणि गालिचा भिजलेला. कॉइलची पेटी उघडून हे सगळं हाताने साफ करावं लागतं.

गॅस भरण्याआधी सुका नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासावा. मग व्हॅक्यूम पंप निदान पाऊण तास चालवावा, म्हणजे आत राहिलेलं पाणी उकळून निघून जातं. ते राहिलं तर पुढे आम्ल होऊन धातू खातं. पंप बंद केल्यावर मापकाचा काटा हलता कामा नये. गॅस वजनकाट्यावर तोलून, आर-१२च्या वजनाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के इतकाच भरावा. गॅसऐवजी एलपीजीसारखं काही भरून देतो म्हणणाऱ्याच्या दारातून मागे फिरावं. कॉइल माणसांच्या पुढ्यात असते आणि तो वायू पेटतो.

ए-६ काढून हलका सँडेन कंप्रेसर बसवावा का? नवा कंप्रेसर निम्म्याहून कमी वजनाचा आहे, इंजिनावर भार कमी टाकतो आणि सहज मिळतो. रोज गर्दीत चालणाऱ्या गाडीला मी नको म्हणणार नाही. मुळात एसीच नसलेल्या गाडीला तर संपूर्ण नवा संच हाच सरळ मार्ग. पण जिच्यात मूळ यंत्रणा शाबूत आहे, तिचा ए-६ दुरुस्त करावा, असं माझं ठाम मत आहे. आणि बदलणारच असाल तर एवढं करा : जुना कंप्रेसर, त्याचे ब्रॅकेट, पीओए व्हॉल्व्ह भंगारात देऊ नका. तोंडं बुचांनी बंद करा, आत तेल घाला, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा आणि गाडी विकाल त्या दिवशी ते खोकं नव्या मालकाच्या हाती द्या.